पोतं पडायच्या आधी

अण्णांनी माझं मनगट धरलं, कनात उचलली आणि मला पडद्यामागे ढकललं. तिथे दोन लोखंडी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. शेजारी कर्ण्याची भलीमोठी पेटी आणि समोर पडद्याची पाठ. बाहेर भैरोबाची जत्रा ऐन रंगात आली होती, पाळणे करकरत होते आणि भज्यांचा वास थेट तंबूत शिरला होता. दिवस नुकताच मावळलेला. जत्रेतला पहिला खेळ आमचा होता, 'उडता हवालदार : दुसरी उडी'.

"अण्णा, पुढं बसूया की," मी म्हटलं. "हितनं समदं उलटं दिसतंय."

अण्णांनी मान हलवली. पडद्याच्या कडेला बांबू आणि कनात यांच्यामध्ये वीतभर फट होती, तिच्याकडे त्यांनी बोट केलं. मग दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली आणि त्या फटीतून बाहेर वळवली. याचा अर्थ मला पाठ होता. आपण चित्र बघायचं नाही, माणसं बघायची.

अण्णांचं रंगराव खोत हे नाव आज कुणाला सांगितलं तर लोक डोकं खाजवतात. पण त्या काळात आमच्या कोल्हापूर भागात ते पोराटोरांच्या तोंडी होतं. त्यांचा 'उडता हवालदार' हा चित्रपट आला आणि तंबूवाल्यांच्या चुली त्यावर पेटल्या. गोष्ट सांगण्यासारखी नव्हतीच. एक भित्रा हवालदार. चोर दिसला की हाच पळ काढायचा, आणि पळता पळता असा काही उडायचा, आपटायचा, धडपडायचा की चोर आपोआप सापडायचा. शेवटी गिरणीच्या माळ्यावरून पिठाचं एक पोतं दरोडेखोरांच्या म्होरक्याच्या डोक्यावर पडायचं. हवालदार वर बघायचा, खाली बघायचा, पांढऱ्याफटक म्होरक्याला सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, "म्ह... म्ह... माफ करा सायेब, दळण तुमचंच हाय का?" एवढ्यावर माणसं लोळायची.

मी तेव्हा इचलकरंजीच्या एका ऑर्केस्ट्रात नकला करत होतो. गायिका पाणी प्यायला आत गेली की लोक उठून जाऊ नयेत म्हणून मला पुढे ढकलायचे. अण्णांचा आवाज हा माझा हुकमी एक्का. एकदा खुद्द अण्णाच प्रेक्षकांत निघाले आणि माझी बोबडी वळली. कार्यक्रम झाल्यावर ते आत आले, माझ्या शेजारी ट्रंकेवर बसले.

"आवाज झ्याक घेतलास," ते म्हणाले. "पण माझं अडखळणं कुठं हाय? माणसं आवाजाला हसत न्हाईत, लेका. मी अडखळलो की त्यास्नी वाटतं, आता ह्याचं काय खरं न्हाई. त्याला हसत्यात."

त्यानंतर वर्षभरात त्यांच्या घशात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. गळ्यापाशी श्वासासाठी एक भोक उरलं, त्यावर त्यांच्या बायकोने, हौसावहिनींनी, मलमलीचा पांढरा रुमाल बांधायला सुरुवात केली. अण्णांना तो शोभायचा. नवीन माणसाला वाटायचं, नट आहेत, ऐट असेल.

आमचे निर्माते मगदूमशेठ मूळचे गुळाचे व्यापारी. कढईच्या बुडाला लागलेला गूळसुद्धा खरवडून घ्यायचा हा त्यांचा धर्म, मग चाललेला हवालदार ते सोडतात होय? दुसरा भाग काढायचाच, तोंड अण्णांचं आणि आवाज दिगूचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. दिगू म्हणजे मी. मला वाटलं अण्णा नाही म्हणतील. पण अण्णांनी भिंतीवरच्या आरशाकडे बोट केलं आणि मग तळहाताने सबंध तोंड पुसून टाकल्यासारखं केलं. मला काही उमगेना. वहिनींनी सांगितलं.

"म्हणत्यात, एक डाव बघतो. माणसं हसली तर नट ऱ्हातो. न्हाई हसली तर पुन्हा तोंडाला रंग लावायचा न्हाई."

मी त्यांच्याकडेच राहायला गेलो. हळूहळू त्यांच्या खुणा मला वहिनींइतक्या कळायला लागल्या, आणि शूटिंगबाहेरही मी त्यांचा आवाज होऊन बसलो. न्हाव्याच्या दुकानात अण्णा हातवारे करून भांडायचे आणि माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला मला त्यांच्या आवाजात शिव्या घालाव्या लागायच्या. गंमत म्हणजे शिवी खाणारा माझ्याकडे बघायचाच नाही, अण्णांकडे बघायचा. रागावायचाही त्यांच्यावरच.

शूटिंगचं काय सांगू. पहिल्या भागात जे एक होतं ते दुसऱ्यात दहा पाहिजे, हा शेठचा हट्ट. उद्यमनगरातल्या एका कारखान्यातून पत्र्याचं हेलिकॉप्टर करून आणलं, ते उडेना म्हणून क्रेनला टांगलं. बैलगाडी नदीवरून उडवली, बैलांनी मात्र साफ नकार दिला, तेव्हा बैल कागदी लावले. अण्णांनी कढईच्या झाऱ्याने सबंध तालमीतल्या पैलवानांना लोळवलं. आणि एका पोत्याच्या जागी अख्खं गोदाम. पोत्यांमागून पोती दरोडेखोरांवर कोसळतात, सगळं शांत होतं, हवालदार कपाळावरचा घाम पुसतो, आणि तेवढ्यात राहिलेलं शेवटचं पोतं त्याच्याच डोक्यात पडतं. हे अण्णांनी स्वतः सुचवलं होतं.

आवाज भरायला बसलो तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पडद्यावर अण्णांचे ओठ बिनचूक हलत होते. घशातून वाराच येत नव्हता, त्यामुळे त्यांना अडखळायला काही उरलं नव्हतं. मी 'म्ह... म्ह...' घालायला जायचो तोवर ओठ पुढे निघून गेलेले. रेकॉर्डिंगवाल्याला मी हे बोललो, तर तो म्हणाला, मागे बैलांच्या घंटा टाकू, कुणाला कळायचं नाही.

आता उरली होती सोनगेवाडीची परीक्षा. सोनगेवाडी हे अण्णांचं गाव. आपला चित्रपट शहरात लागायच्या आधी गावच्या जत्रेत दाखवायचा आणि आपण पडद्यामागे बसून माणसांची तोंडं बघायची, ही अण्णांची रीत. कारण सोनगेवाडी खोटं हसत नाही. मागे त्यांचा एक रडका चित्रपट आणला होता तेव्हा अर्ध्यातून सगळा तंबू उठून कुस्त्या बघायला गेला होता, आणि दौलूतात्या पडद्यामागे येऊन तोंडावर म्हणाले होते, "रंग्या, घरला जा आन् जेव." दौलूतात्या गावच्या भजनी मंडळाचे म्होरके. अण्णा लहानपणी त्यांच्यामागे टाळ धरून उभे राहायचे, त्यामुळे त्यांना तेवढा अधिकार होता.

खेळ सुरू झाला. पडद्याच्या उजेडात पुढच्या रांगांमधली तोंडं लख्ख दिसत होती. सगळ्यात पुढे दौलूतात्या मांडी घालून बसलेले, त्यांच्यामागे सगळं भजनी मंडळ, उजव्या अंगाला बायका. हवालदार पडद्यावर आला आणि तंबू फाटेल असं हसू उठलं. मी अण्णांचा गुडघा दाबला. पत्र्याचं हेलिकॉप्टर आलं, हसू. कागदी बैल उडाले, हसू. बायकांकडे तर पदर डोळ्यांना लागले होते. मी मनातल्या मनात तिसऱ्या उडीची तयारी करू लागलो.

तेवढ्यात अण्णांनी पुन्हा माझं मनगट धरलं. फटीकडे बोट केलं, मग पडद्याकडे, मग कानाला हात लावला. हवालदार शिडी चढत होता आणि बाहेर हसण्याचा नुसता कल्लोळ चालला होता. मला कळेना, यात ऐकायचं काय. अण्णांनी माझी हनुवटी धरून माझं तोंड पडद्याकडे वळवलं.

शिडी अजून मोडलीच नव्हती.

मग ती मोडली, हवालदार आपटला, आणि तंबू गप्प होता. सगळ्यांचं हसून झालं होतं.

मी फटीला डोळा लावला. पुढचा प्रसंग आला. हवालदार एका बंद दाराला कान लावून उभा राहतो, दार उघडतं आणि चोराच्या जागी म्हैस बाहेर येते. दार अजून बंदच होतं. दौलूतात्यांनी मान वर केली, हा हा हा करून सुरुवात केली, मागच्यांनी धरलं, मग बायकांनी उचललं आणि सगळा तंबू हसला. भजनात असंच तर असतं. पुढच्याने ओळ उचलायची आणि मागच्यांनी धरायची. तात्यांचा जन्म त्यात गेलेला. आपण मागे पडू नये म्हणून ते नेहमी जरा आधीच निघायचे. म्हैस बाहेर आली तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. सगळे तात्यांच्या मानेकडे बघत होते.

मी अण्णांकडे वळलो. माणसांची तोंडं बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं. खुर्ची फिरवून ते पडद्याच्या पाठीकडे बघत बसले होते. तिथे उलटा हवालदार डाव्या हाताने सलाम ठोकत होता, माझा आवाज शेजारच्या पेटीतून ढणढणत होता, आणि त्यात अडखळणं औषधालाही नव्हतं. शेवटचं पोतं हवालदाराच्या डोक्यात पडलं तेव्हा तंबूत कुणी खोकलंसुद्धा नाही. हसू केव्हाच येऊन गेलं होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चित्रपट पडला याचं दुःख होतंच, पण त्याहून मला गावाचा राग आला होता. उठून जायचं होतं कुस्त्यांना, म्हणायचं होतं घरला जा. इतक्या वर्षांत जे केलं नाही ते आजच कशाला करायचं? मी तसं अण्णांना पुटपुटलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मला वाटलं, त्यांनाही हाच प्रश्न पडलाय.

दिवे लागले, टाळ्या पडल्या. गावची पद्धत अशी की खेळ झाल्यावर आपल्या नटाला पटका बांधायचा, नारळ द्यायचा आणि दोन शब्द बोलायला लावायचं. दौलूतात्यांनी पटका बांधला. लोक ओरडले, अण्णा बोला, दिगूला सांगा बोलायला. गावाला सगळं ठाऊकच होतं. मी अण्णांच्या शेजारी उभा राहिलो आणि ते काय खुणावतात ते बघू लागलो.

अण्णांनी दोन्ही हात डोक्यावर उचलले, जड पोतं तोलून धरल्यासारखे. मग लोकांकडे बघून तोंड वासून हसून दाखवलं. मग एक बोट उभं करून शाळेतल्या मास्तरसारखं हलवलं.

मला अर्थ लागला. हळूच म्हटलं, "अण्णा, नको. त्यास्नी कळंल." त्यांनी मला कोपराने ढोसलं. त्यांच्यापुढे माझं कधी चाललं होतं?

"म्ह... म्ह..." मी सुरुवात केली. मला ते घालायचं नव्हतं, जीभच उलटेना. समोर सगळं गाव, पुढ्यात दौलूतात्या, आणि मला वाटत होतं आता आपलं काही खरं नाही. "म्ह... मंडळी, पोतं पडायच्या आदी हसायचं नसतं."

तात्यांनी मान खाली घातली. मागचे लोक एकमेकांकडे बघू लागले. अण्णा पुन्हा तसेच उभे राहिले, हात वर, नजर वर, पोतं तोललेलं. मग त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, सुटलो बुवा म्हणून कपाळावरचा घाम पुसायला एक हात खाली घेतला, आणि ते पोतं त्यांच्याच डोक्यात पडलं. गुडघे वाकले, पटका डोळ्यांवर आला, पटक्याखालून पिठाने माखल्यासारखे ते मिचमिच करत बघू लागले.

पहिलं हसू तंबूच्या अगदी मागून, कुठल्याशा कोपऱ्यातून आलं. तात्यांकडून नव्हे. मग दुसरीकडून, मग चहूकडून. एकाचा मेळ दुसऱ्याला नव्हता. कुणी शिंकल्यासारखं हसत होतं, कुणाला ठसका लागला, तात्या तर मांडीवर थापा मारत होते आणि एक म्हातारा शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दे घालत होता. आणि सगळं कसं बरोबर, जिथे यायला हवं तिथेच आलं होतं. दुसरा भाग चालला का, असं पुढे मला बऱ्याच जणांनी विचारलं. मी सांगायचो, एकदा चालला, पिक्चर संपल्यावर.

अण्णाही हसत होते. पण हसता हसता त्यांची नजर बायकांच्या बाजूला गेली. तिथे हौसावहिनी बांबूला धरून उभ्या होत्या. सगळ्या तंबूत त्या एकट्याच हसत नव्हत्या.

घरी येऊन आम्ही पानावर बसलो. नैवेद्याची पुरणपोळी होती. अण्णांना घास गिळायला जड जायचं म्हणून वहिनी त्यांची पोळी दुधात कुस्करत होत्या. अण्णांनी त्यांचा हात धरून थांबवला. बाहेर गावाकडे बोट केलं, खोटं हसून दाखवलं, मग त्यांच्याकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

वहिनी म्हणाल्या, काहीतरीच काय, चित्रपटच तसा आहे, माणसं हसणारच. अण्णांनी मान हलवली. मग त्यांनी मूठ वळली आणि ती गळ्याजवळच्या रुमालावर ठेवली, आणि पुन्हा भुवया उंचावल्या.

माझ्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. पडेल चित्रपटासाठी सोनगेवाडी खोटं बोलत नसते. सबंध गावाने मिळून खोटं हसायचं ठरवावं असं एकच कारण असू शकत होतं, आणि ते अण्णांनी पडद्यामागे, शिडी मोडायच्या आधीच ओळखलं होतं. पटका बांधून घेताना, पोतं डोक्यावर तोलताना, गावाला हसवताना त्यांना ते ठाऊक होतं.

वहिनींनी ताट बाजूला सारलं.

"मिरजंला मला एकलीला आत बोलावलं हुतं," त्या म्हणाल्या. "गाठ परत आलीय. आता कापता येत न्हाई म्हणाले. दिवाळी दिसंल का न्हाई सांगता येत न्हाई. मग मी दौलूतात्यांच्या पायाव डोकं ठेवलं. म्हटलं, त्यास्नी येवढं एक हसू ऐकू द्या. तात्या घरोघरी फिरलं. कुठं कुठं हसायचं ते मीच त्यास्नी सांगितलं, कोल्हापुरात आवाज भरताना बघितल्यालं. मला काय ठावं, तुमाला एवढं कळंल."

त्या पदरात तोंड घालून रडू लागल्या. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण अण्णांनी नजरेनेच मला बसवलं. ते वहिनींच्या जवळ सरकले. त्यांनी पुन्हा दोन्ही हात डोक्यावर उचलले, ते जड पोतं तोललं, वर बघितलं आणि मान हलवली. अजून नाही. मग एक हात खाली घेऊन अंगठ्याने वहिनींचे डोळे पुसले आणि बोट हलवलं, मास्तरसारखं. वहिनींना त्यासाठी माझी गरज नव्हती. तरी अण्णा माझ्याकडे वळले. वहिनींना ते ऐकू यायला हवं होतं.

मी अण्णांच्या आवाजात म्हटलं, "पोतं पडायच्या आदी रडायचं पण नसतं."

तो आवाज ऐकून वहिनी थांबल्या. त्यांनी डोळे पुसले, ताट पुढे ओढलं आणि पोळी कुस्करायला घेतली. अण्णांनी ती सगळी खाल्ली.

चित्रपट कोल्हापुरात लागला आणि लगेच उतरला. लोक म्हणाले, पहिल्याची सर नाही, नुसता धिंगाणा आहे. शेठ हळहळले आणि गुळाकडे वळले. अण्णांनी मात्र रंगाची पेटी टाकली नाही. अंगात होतं तोवर आम्ही दोघं आसपासच्या जत्रांतून जायचो. ते ते पोतं तोलायचे, मी बोलायचो. आता मला बरोबर अडखळता येत होतं. या सगळ्या महिन्यांत वहिनींच्या डोळ्यांतून मी टिपूस पडलेलं बघितलं नाही. त्या रुमाल धुवायच्या, वाळवायच्या, बांधायच्या.

नवरात्रात अण्णा गेले. अंगण माणसांनी भरलं होतं. वहिनी अण्णांच्या उशाशी ताठ बसून होत्या, कोरड्या. बायका त्यांना हलवत होत्या, रड गं हौसा म्हणत होत्या, तरी त्या रडेनात. दौलूतात्या भिंतीला टेकून बसले होते. त्यांचे ओठ थरथरत होते, पण त्यांनी सूर काढला नव्हता. ते वहिनींच्या तोंडाकडे बघत होते.

वहिनींनी मला खुणेने जवळ बोलावलं. मी शेजारी बसलो.

"दिगू," त्या हळू म्हणाल्या, "आता पडलं न्हवं पोतं?"

मी माझ्या आवाजात म्हटलं, "पडलं, वहिनी."

मग त्या रडल्या. आणि त्यांच्या मागून दौलूतात्या.